शिक्का आणि मोर्तब

२०२५ च्या पावसाळ्यांत, ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अंतराळांतून परत आल्यावर थोड्याच दिवसांनीं, आमच्या गांवच्या एका व्याख्यानमालेंत अंतराळ आणि विश्वबंधुत्व या विषयावर एका विद्वान गृहस्थांचें भाषण झालें. सभागृह भरलें होतें. वक्त्यांचा आवाज भरदार होता, भाषा ओघवती होती, आणि पडद्यावर एकामागून एक रंगीत चित्रें येत होतीं. अंतराळवीर आपल्या पोशाखावर जे भरतकामाचे बिल्ले लावतात त्यांचीं तीं चित्रें. त्यांतील १९७५ सालच्या बिल्ल्यावर रोमन लिपींत ‘अपोलो’ आणि रशियन लिपींत ‘सोयुझ’ अशीं अक्षरें होतीं. त्यांकडे बोट दाखवून वक्ते म्हणाले कीं, या तळहाताएवढ्या कापडावर राष्ट्रें विरघळून गेलीं आहेत. वरून पाहणाऱ्याला पृथ्वीवर कोणतीच सीमा दिसत नाहीं. आणि वसुधेला कुटुंब मानणारें जें वचन आमचे पूर्वज सांगून गेले तें विज्ञानानें आज खरें करून दाखविलें आहे. टाळ्या पडल्या. शेवटीं प्रश्नांची वेळ आली तेव्हां आमच्या कॉलेजांतील एका विद्यार्थिनीनें उठून विचारलें, “दोन देशांनीं वेगवेगळीं बांधलेलीं यानें एकमेकांना बसलीं कशीं?” वक्ते हंसले. “मुली, तें गवंड्यासुतारांचें काम. आपण येथें आत्म्याविषयीं बोलत आहों.” पुन्हां टाळ्या पडल्या.

त्या दुसऱ्या टाळ्यांविरुद्ध मला कांहीं लिहावयाचें आहे. पहिल्या टाळ्या मीं सोडून दिल्या असत्या. भरल्या सभेंत विश्वबंधुत्वाला टाळी न देणें हें कांहीं बरें दिसत नाहीं, आणि खोटें कशाला बोलूं, मींही एक वाजविली. परंतु त्या मुलीचा प्रश्न हाच त्या संध्याकाळचा एकमेव महत्त्वाचा प्रश्न होता, आणि तो हंशांत बुडाला. आमच्या सुशिक्षित समाजाची अशी एक संवय होऊन बसली आहे कीं, कोणत्याही मोठ्या कार्याचें चिन्ह तेवढें छातीशीं धरावयाचें आणि त्या कार्याचे सांधे कसे जुळले याची चौकशी हलकी मानावयाची. या संवयीचें मोल आम्ही एकदां दिलें आहे. पुन्हां द्यावें लागूं नये, एवढीच माझी इच्छा आहे.

वक्त्यांच्या अगदीं उलट मताचाही एक पक्ष आहे; त्याचा समाचार आधीं घेतों, कारण त्याला फार वेळ लागणार नाहीं. हा पक्ष म्हणतो कीं, बिल्ला हा शिंप्याचा विषय आहे. त्यावर गरुड काढला काय नि कबूतर काढलें काय, यान जावयाचें तेथें जाणारच. ही समजूत चुकीची आहे. १९६५ च्या ऑगस्टमध्यें ‘जेमिनी ५’ या यानांतून गॉर्डन कूपर व पीट कॉनराड हे दोघे गेले. अमेरिकेच्या अंतराळवीरांनीं मोहिमेचा बिल्ला लावण्याची प्रथा तेव्हांपासूनची. त्यांनीं आपल्या बिल्ल्यावर पश्चिमेकडे वसाहतीला निघालेल्या जुन्या अमेरिकन कुटुंबांची कापडी छताची गाडी काढली, आणि तिच्यावर ‘आठ दिवस, नाहीं तर फजिती’ अशा अर्थाचे शब्द घातले. नासाचे प्रमुख जेम्स वेब यांना हें मुळींच रुचलें नाहीं. उड्डाण आठ दिवसांपूर्वींच आटोपतें घ्यावें लागलें तर याच शब्दांनीं लोक आपली थट्टा करतील, ही त्यांची भीति रास्त होती. तेव्हां ते शब्द कापडाच्या तुकड्याखालीं झांकावेत, मग बिल्ला लावण्यास हरकत नाहीं, अशी तडजोड झाली. काम पुरें होईपर्यंत शब्द झांकून ठेवण्याचा हा संकेत मला फार आवडतो. आमच्याकडे तो कोणीं सुरू केला तर पुष्कळ समारंभ रद्द करावे लागतील.

चंद्रावर प्रथम उतरलेल्या ‘अपोलो ११’ च्या चिन्हाचीही अशीच हकीकत आहे. तें मुख्यतः मायकेल कॉलिन्स यांनीं आंखलें. पक्ष्यांच्या एका पुस्तकांतील गरुड त्यांनीं उतरवून घेतला. त्याच्या चोंचींत ऑलिव्हची फांदी दिली. वरिष्ठांना गरुडाचे उघडे पंजे आक्रमक वाटले, म्हणून ती फांदी चोंचींतून काढून पंजांत देण्यांत आली. आंकडा अक्षरांत न लिहितां अंकांत लिहिला, कां कीं तो परभाषी माणसालाही वाचतां यावा. आणि तिघांपैकीं एकाचेंही नांव त्यावर घातलें नाहीं, कां कीं तें काम हजारों हातांचें होतें. इतका विचार ज्याच्यावर होतो त्याला शिंप्याचा विषय म्हणणें शहाणपणाचें नव्हे. चिन्ह हें वाचावयाची वस्तु आहे. माझा आक्षेप तें न वाचतां त्याला नमस्कार करण्यावर आहे.

आपल्या भाषेंत ‘शिक्कामोर्तब’ असा एक जोडशब्द आहे. आज आपण तो एकाच श्वासांत उच्चारतों, पण जुन्या मराठी दप्तरांत या दोन निरनिराळ्या वस्तु होत्या. शिक्का पत्राच्या माथ्याशीं असे. पत्र कोणाच्या अधिकारानें निघालें तें तो सांगे. मोर्तब मजकुराच्या शेवटीं उमटे. लिहिणें येथें संपलें, यापुढें कोणीं कांहीं घुसडूं नये, असें तें बजावी. भोंवतालचे शिक्के फारसी असतां शिवाजीमहाराजांची मुद्रा संस्कृतांत होती, यांत केवढा अर्थ आहे हें महाराष्ट्रांत कोणाला सांगावयास नको. पण इतिहाससंशोधक पत्र हातीं घेतो तेव्हां शिक्का पाहून थांबत नाहीं. शिक्का आणि मोर्तब यांच्या दरम्यान काय लिहिलें आहे, कोणता मुलूख कोणाकडे राहावयाचा, फौज कोणीं पुरवावयाची, खर्च कोणाच्या माथीं, हें तो वाचतो. अंतराळांतील राष्ट्रांराष्ट्रांच्या सहकार्याविषयीं बोलतांना आमचे वक्ते शिक्का पाहतात आणि थेट टाळी वाजवितात. मधला मजकूर कोरा असला तरी त्यांच्या टाळीला फरक पडत नाहीं.

तर मग तो मजकूरच पाहूं, आणि वक्त्यांनींच निवडलेल्या बिल्ल्यापासून आरंभ करूं. १९७२ च्या मे महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन व सोव्हिएट पंतप्रधान कोसिगिन यांनीं मॉस्कोंत करार केला. त्याला अनुसरून १५ जुलै १९७५ रोजीं दोन्ही देशांचीं यानें उडालीं व १७ जुलैला तीं एकमेकांस जोडलीं गेलीं. अमेरिकेकडून टॉमस स्टॅफर्ड, व्हान्स ब्रँड व डोनाल्ड स्लेटन असे तिघे होते; सोव्हिएट संघाकडून अलेक्सेय लेओनोव्ह व व्हालेरी कुबासोव्ह असे दोघे. स्टॅफर्ड आणि लेओनोव्ह यांनीं दारांत हस्तांदोलन केलें, तें चित्र साऱ्या जगानें पाहिलें.

आतां त्या मुलीचा प्रश्न. तोंपर्यंत यानें जोडण्याची जी रीत होती तींत एका यानाच्या तोंडाला खुंटी असे व दुसऱ्याच्या तोंडाला खोबण. खुंटी आंत शिरे, खोबण ती स्वीकारी. एकाच देशाचीं दोन्ही यानें असलीं म्हणजे यांत कांहीं अडचण नाहीं. परंतु जगांतील दोन प्रबळ शत्रु जेव्हां एकमेकांस भेटावयाचे, तेव्हां खुंटी कोणीं व्हावयाचें आणि खोबण कोणीं? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दोन्हीकडील मंडळींनीं तो गंभीरपणें घेतला. सोव्हिएट अभियंते व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह यांच्या बुद्धीनें त्यांतून जो सांधा निघाला तो दोन्ही बाजूंना सारखाच होता. दोन्ही यानांच्या तोंडाशीं तशींच कडीं, तशाच तीन तीन पाकळ्या. ज्याचें कडें पुढें सरकेल तो त्या वेळेपुरता कर्ता, दुसरा स्थिर. आणि हीं कामें अदलाबदल करतां येणारीं. त्या मोहिमेंत यानें दोनदां जोडलीं. पहिल्या वेळीं अमेरिकन कडें पुढें झालें, दुसऱ्या वेळीं सोव्हिएट. समतेवर आजवर अनेक ग्रंथ झाले असतील. पण धातूमध्यें कोरलेली समता पाहावयाची असेल तर ती या सांध्यांत आहे.

यापुढची अडचण हवेची. अपोलोंत शुद्ध प्राणवायु होता व त्याचा दाब आपल्या भूपृष्ठावरील हवेच्या सुमारें एक तृतीयांश. सोयुझमध्यें साधी हवा, पूर्ण दाबाची. मधलें दार एकदम उघडून सोयुझमधला माणूस पलीकडे गेला असता तर खोल पाण्यांतून झपाट्यानें वर काढलेल्या पाणबुड्याची जी गत होते ती त्याची झाली असती. यासाठीं सोव्हिएट मंडळींनीं आपल्या यानांतील दाब दोन तृतीयांशावर आणण्याचें कबूल केलें, आणि अमेरिकनांनीं दोन यानांच्या मधें एक स्वतंत्र खोली बांधून नेली. जुन्या वाड्याला देवडी असते तशी ती होती. येणारानें तींत थांबावयाचें, पलीकडची हवा अंगवळणीं पडूं द्यावयाची, मग आंत पाऊल टाकावयाचें. भाषेचीही हीच व्यवस्था. बोलणारानें ऐकणाराच्या भाषेंत बोलावें असें ठरलें, म्हणून अमेरिकन रशियन बोलत व रशियन इंग्रजी. स्टॅफर्ड यांचे उच्चार ओक्लाहोमा प्रांताच्या वळणाचे होते. लेओनोव्ह थट्टेनें म्हणत कीं, आमच्या मोहिमेच्या भाषा तीन, इंग्रजी, रशियन व ‘ओक्लाहोम्स्की’. वयाच्या पंचेचाळिशींत व पन्नाशींत परकी भाषा शिकणाऱ्या वैमानिकांची कल्पना ज्याला करतां येते त्याला या थट्टेमागचे श्रम दिसतील. मला ते दिसतात. इंग्रजी शिकविण्यांत माझा जन्म गेला आहे.

आणि ज्या बिल्ल्यावर राष्ट्रें विरघळलीं म्हणतात त्यावर प्रत्यक्षांत काय आहे? निळ्या रंगावर तीन पांढऱ्या चांदण्या आहेत, त्या तिघां अमेरिकनांच्या. तांबड्या रंगावर दोन गडद सोनेरी चांदण्या आहेत, त्या दोघां सोव्हिएट वीरांच्या. प्रत्येकाचा रंग वेगळा, प्रत्येकाचें स्थान वेगळें, संख्याही विषम. ज्यानें तो बिल्ला आंखला त्यानें कांहीं विरघळविलें नव्हतें. विरघळविलें तें आमच्या वक्त्यांनीं, पडद्यावरचें चित्र धड न पाहतां.

पुढें काय झालें तेंही सांगितलें पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा तेथेंच आहे. १९७५ नंतर दोन्ही देशांतील वारें बदललें. १९७९ च्या अखेरीस सोव्हिएट फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या, आणि स्नेहाची भाषा करणारे गप्प झाले. दोन देशांच्या यानांची पुन्हां गांठ पडण्यास वीस वर्षें लागलीं. या वीस वर्षांत तो बिल्ला संग्राहकांच्या वह्यांत चिकटून होता. सांध्यावर मात्र सिरोम्यात्निकोव्ह यांचें काम चालूच राहिलें. २९ जून १९९५ रोजीं अमेरिकेचें ‘अटलांटिस’ रशियाच्या ‘मीर’ स्थानकाला जाऊन भिडलें तेव्हां मधें जो सांधा होता तो त्याच १९७५ च्या सांध्याचा वंशज होता. पुढें आंतरराष्ट्रीय स्थानकावरही त्याच कुळांतील सांधे बसले. मध्यंतरीं सोव्हिएट संघ नांवाचें राष्ट्रच नकाशावरून नाहींसें झालें होतें. गवंड्यासुतारांचें काम तेवढें टिकलें.

वक्त्यांचें दुसरें विधान, वरून सीमा दिसत नाहींत, हें. दिवसा बहुधा दिसत नाहींत, हें खरें. परंतु रात्रीं आंतरराष्ट्रीय स्थानकावरून घेतलेलीं आपल्याच उपखंडाचीं छायाचित्रें प्रसिद्ध आहेत. त्यांत भारत आणि पाकिस्तान यांमधील सरहद्द नारिंगी रेषेसारखी लांबच लांब झळकते, कारण तिच्यावर प्रखर दिवे लावलेले आहेत. ज्या देशाच्या श्रोत्यांपुढें हें भाषण झालें त्याचीच सरहद्द अंतराळांतून दिसणाऱ्या सरहद्दींत ठळक आहे!

बरें, खालच्या सीमा राहूं द्या. त्या स्थानकाच्या आंत काय आहे? २९ जानेवारी १९९८ रोजीं वॉशिंग्टन येथें पंधरा राष्ट्रांनीं ज्या करारावर सह्या केल्या तो काढून पाहावा. ज्यानें जो भाग पुरविला व आपल्या दप्तरीं नोंदविला त्या भागावर त्याचा अधिकार. जपानच्या खोलींत लागलेला शोध पेटंटच्या कायद्यापुरता जपानच्या भूमीवर लागलेला समजावयाचा. गुन्ह्याच्या बाबतींत प्रत्येक राष्ट्राचा आपल्या नागरिकावर अधिकार. म्हणजे एका खोलींतून दुसऱ्या खोलींत तरंगत जाणारा माणूस सरहद्द ओलांडीत असतो. हें वाचून एखाद्याचा विरस होईल. माझा झाला नाहीं. आमच्याकडे सामाईक विहीर असते. तिच्या पाण्याच्या पाळ्या ज्या भाऊबंदांनीं कागदावर नेमून घेतल्या त्यांच्या नातवंडांनाही ती विहीर पुरते. ‘आपण काय परके आहों’ म्हणून ज्यांनीं पाळ्या लिहिल्या नाहींत त्यांचे दावे तालुक्याच्या कोर्टांत चालूं असतात. २ नोव्हेंबर २००० पासून त्या स्थानकांत माणसांची वस्ती अखंड राहिली, ती पाळ्या लिहून ठेवल्या होत्या म्हणून.

याची खरी परीक्षा २०२२ सालीं झाली. त्या वर्षीच्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर चाल केली. मार्चच्या आरंभीं बायकोनूर येथें एका अग्निबाणावरील अमेरिका, ब्रिटन व जपान यांचे ध्वज पांढऱ्या पट्ट्यांनीं झांकून टाकण्यांत आले. रशियन अंतराळसंस्थेच्या प्रमुखांनीं त्याची चित्रफीत प्रसिद्ध करून, कांहीं देशांच्या ध्वजांवांचून आमचा अग्निबाण अधिक सुंदर दिसेल, असा शेरा मारला. भारताचा ध्वज तसाच राहूं दिला होता, आणि आमच्याकडील कित्येकांना त्यानें धन्यता वाटली. (त्या अग्निबाणांतून जावयाच्या उपग्रहमालिकेंतील ७२ उपग्रह पुढें दोन खेपांत श्रीहरिकोट्याहून गेले, ही गोष्ट ध्वज न झांकल्याच्या आनंदापेक्षां पुष्कळच मोठी होती, पण तिची चर्चा त्या मानानें कमी झाली.) त्याच महिन्यांत तीन रशियन वीर पिवळ्या पोशाखांत स्थानकांत शिरले, तेव्हां हा युक्रेनच्या रंगाला दिलेला गुप्त मुजरा आहे काय, यावर जगभर तर्क लढविले गेले. त्यांच्या म्होरक्यानें सांगितलें कीं, पिवळें कापड फार शिल्लक होतें. जुलैंत स्थानकावरील रशियन वीरांनीं लुहान्स्क व डोनेत्स्क येथील फुटीर राजवटींचे झेंडे हातीं धरून छायाचित्रें काढविलीं, आणि नासानें त्याचा उघड निषेध केला.

चिन्हांचें असें युद्ध चाललें असतां मजकुराचें काय चाललें होतें? ३० मार्च २०२२ रोजीं मार्क व्हांडे हाय हे अमेरिकन, ३५५ दिवस अंतराळांत राहून, दोघां रशियन सोबत्यांबरोबर रशियन सोयुझमधून कझाकस्तानांत ठरल्या दिवशीं उतरले. त्याच वर्षीं सप्टेंबरांत एक अमेरिकन रशियन यानांतून व ऑक्टोबरांत एक रशियन महिला अमेरिकन यानांतून वर गेली. यांत आत्म्याचें औदार्य किती होतें तें मला ठाऊक नाहीं. स्थानकाची उंची टिकविण्याचें काम मुख्यतः रशियन भागाकडे आणि विजेचा मोठा पुरवठा अमेरिकन भागाकडे, ही वांटणी मात्र ठाऊक आहे. भांडण झालें म्हणून कोणाला विहिरींत दगड टाकतां येत नव्हता.

आतां आपल्या घराकडे येतों. सोव्हिएट संघानें १९७८ पासून मित्रराष्ट्रांतील एकेक वीर आपल्या स्थानकावर नेण्याचा उपक्रम चालविला. त्यांतला पहिला चेकोस्लोव्हाकियाचा व्लादिमीर रेमेक. त्याच्या देशांत सोव्हिएट रणगाडे शिरून तेव्हां पुरीं दहा वर्षेंही झालीं नव्हतीं. एक विनोद त्या काळीं पसरला होता: परत आलेल्या रेमेकचे हात लाल कां? तर ज्या कळीला तो हात लावूं जाई, तेथें यजमान ‘त्याला हात लावूं नकोस’ म्हणून फटका मारीत. विनोद क्रूर आहे, पण पाहुणा आणि भागीदार यांतील भेद त्यांत बरोबर सांपडला आहे. याच मालिकेंत १९७८ मध्यें पोलंडचे हेर्माशेव्ह्स्की, १९८० मध्यें हंगेरीचे फार्काश, आणि ३ एप्रिल १९८४ रोजीं आमचे राकेश शर्मा गेले. शर्मांनीं जवळजवळ आठ दिवसांत आपलें नेमलेलें काम चोख केलें. भारतभूमीचीं छायाचित्रें घेतलीं, योगासनांचे प्रयोग केले. इंदिराबाईंनीं वरून भारत कसा दिसतो असें विचारल्यावर त्यांनीं इक्बालांच्या कवितेची ओळ ऐकविली, ती तर पाठ नसलेला माणूस विरळा. त्या दिवशीं मी शाळकरी होतों, आणि माझेही डोळे भरून आले होते. तें मी नाकारीत नाहीं.

पण त्यानंतर? पुढचा भारतीय नागरिक पृथ्वीभोंवतींच्या कक्षेंत जाण्यास एकेचाळीस वर्षें लागलीं. २५ जून २०२५ रोजीं शुक्ला गेले. त्यांच्याबरोबर पोलंडचे उझनान्स्की-विश्निएव्स्की व हंगेरीचे कापू होते. तिन्ही देशांचा चार दशकांनंतरचा हा दुसराच वीर. तेव्हां हे तिन्ही देश मॉस्कोचे पाहुणे होते. आतां एका अमेरिकन खासगी कंपनीचे गिऱ्हाईक झाले. शुक्ला यांच्या कर्तबगारीला यानें बाध येत नाहीं. यान चालविण्यांत ते दुय्यम अधिकारी होते, इस्रोनें दिलेले प्रयोग त्यांनीं केले, मेथी आणि मूग यांना अंतराळांत मोड आणले, आणि जो अनुभव घेऊन ते आले तो ‘गगनयाना’च्या कामीं येईल. पैसे देऊन अनुभव घेण्यांत लाज नाहीं. मात्र १९८४ च्या पाहुणचारानंतर आपण जसे चिन्ह कवटाळून बसलों तसे पुन्हां बसलों तर लाज आहे. पोस्टाचीं तिकिटें निघालीं, शाळांच्या भिंतींवर चित्रें लागलीं, आणि माणूस वर नेणारें यान काढण्याच्या गोष्टीला कित्येक वर्षें कोणीं हात घातला नाहीं. ज्या मोलाचा उल्लेख मीं आरंभीं केला तें हेंच.

चिन्ह कवटाळण्याची ही ओढ आम्हांला दुसऱ्याच्या बिल्ल्यावरही नसलेलें वाचावयास लावते. १ फेब्रुवारी २००३ रोजीं जें ‘कोलंबिया’ परतीच्या वाटेवर नष्ट झालें त्यांत कर्नालच्या कल्पना चावला होत्या. त्या मोहिमेच्या बिल्ल्यावर कपोत नांवाचा तारकासमूह आहे, त्यांत सात तारे आहेत, सातही जणांचीं नांवें आहेत. आणि इलान रामोन यांच्या नांवाशेजारीं इस्राएलचा ध्वज आहे, कारण ते इस्राएलचे म्हणून गेले होते. चावलांच्या नांवाशेजारीं भारताचा ध्वज नाहीं. त्या अमेरिकेच्या नागरिक होत्या, अमेरिकेनें त्यांना शिकवून नेलें. बिल्ला जें खरें तेंच सांगतो. आम्ही मात्र आमच्या कल्पनेंत तेथें तिरंगा शिवून घेतला. त्या मुलीला देश सोडून कां जावें लागलें, हा प्रश्न विचारण्यापेक्षां तें सोपें होतें.

याच्या उलट कॅनडाकडे पाहा. त्या देशाजवळ माणूस नेणारें यान नाहीं, तसा अग्निबाणही नाहीं. त्यानें स्थानकाला सतरा मीटरांहून लांब असा एक यांत्रिक हात २००१ मध्यें पुरविला. स्थानकाची उभारणी, दुरुस्ती, येणारीं मालवाहू यानें धरणें, सगळें या हातावर येऊन पडलें. आणि त्याच्या बदल्यांत कॅनडाचे वीर हक्कानें वर जातात. कॅनडानें आपल्या पांच डॉलरांच्या नोटेवर एका बाजूला त्या हाताचें चित्र छापलें. हेंही चिन्हच आहे. पण तें केलेल्या कामाचें आहे.

आमच्याजवळ दाखविण्यासारखें काम नाहीं असें नाहीं. १६ जानेवारी २०२५ रोजीं इस्रोनें सुमारें २२० किलोचे दोन उपग्रह अंतराळांत एकमेकांस जोडले. त्यांचा सांधा दोन्ही बाजूंना सारखाच आहे. १९७५ सालीं जी कल्पना निघाली तिच्याच जातीचा. शुक्लांच्या बिल्ल्यावर आमच्या गांवांत व्याख्यान झालें, या सांध्यावर झालें नाहीं. २०३५ पर्यंत भारताचें स्वतःचें स्थानक उभें करण्याचा संकल्प सरकारनें जाहीर केला आहे. ‘गगनयान’ माणसें घेऊन जाईल त्या दिवसासाठीं बिल्ला कसा असावा यावर वर्तमानपत्रांत स्पर्धा लागतील, आणि कमळ कीं चक्र, संस्कृत कीं हिंदी, यांवर वाद रंगतील. रंगूं देत. पण त्याबरोबर दुसरेही कांहीं प्रश्न विचारले गेले पाहिजेत. आमच्या स्थानकाचें तोंड इतरांच्या यानांना बसेल अशा मापाचें करावयाचें कीं नाहीं? केलें तर त्या मापाचे नियम ठरविणाऱ्या मंडळींत आमचा माणूस बसणार कीं दुसऱ्यांनीं ठरविलेलें माप आम्ही उतरून घेणार? २०११ पासून अमेरिकन कायद्यानें नासाला चीनशीं थेट सहकार्य करण्यास आडकाठी घातली आहे. चीननें आपलें स्वतंत्र स्थानक उभारलें, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें पाकिस्तानच्या वीरांना तेथें नेण्याचा करार केला. जून २०२३ मध्यें आम्ही अमेरिकेच्या आर्टेमिस करारावर सही केली. त्या सहीनें आमच्याकडे काय देणें आलें आणि काय घेणें आलें, हें किती पदवीधरांना सांगतां येईल? आंतरराष्ट्रीय स्थानकाची अखेर २०३० च्या सुमारास करण्याचें ठरत आहे. त्यानंतरच्या विहिरीच्या पाळ्या नेमल्या जातील तेव्हां आम्ही काठावर उभे असणार कीं कागदाशीं बसलेले?

ती विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशीं मला कॉलेजच्या जिन्यांत भेटली. आपण भलताच प्रश्न विचारला कीं काय, म्हणून तिला संकोच वाटत होता. मीं तिला माझ्या खोलींत नेऊन १९७५ च्या त्या सांध्याचें चित्र दाखविलें. तिनें तें बराच वेळ उलटसुलट करून पाहिलें आणि विचारलें कीं, दोन्ही बाजू सारख्या असल्या तर पुढें कोणीं सरकावयाचें तें आधीं लिहून ठेवावें लागत असेल, नाहीं का? होय, म्हटलें, लिहून ठेवावें लागतें.